वयात आलेली यमू

‘मुलगी वयात आली’ म्हटलं की मराठीत गोष्ट देहाची असते. पुढचं बोलणं आवाज खाली आणून. आपण कोण आहोत हे मुलीला हळूहळू उमगत जातं, त्या उमगण्याला आपल्याकडे सरळ शब्दच नाही. कादंबरी मात्र आहे, आणि ती सुरू झाली १८९० साली, पुण्यात.

अप्पा बळवंत चौकात गाइडं घ्यायला येणाऱ्या मुली ज्या आनंदाश्रमावरून जातात, त्या संस्थेचा कारभार हरिभाऊ आपटे पाहत. तिथे छापल्या जात संस्कृत पोथ्या. आणि हेच सव्वीस वर्षांचे हरिभाऊ आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात एका मुलीच्या तोंडून ‘मी’ म्हणून लिहू लागले. ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९३ पर्यंत चालली. लिहिणारा पुरुष, बोलणारी यमू. मला तर या धाडसाचं अजून नवल वाटतं.

त्याच दिवसांत पुणं संमतिवयाच्या बिलावरून पेटलं होतं. शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं की नाही? परक्या सरकारने आमच्या घरात कायदा आणू नये, ही टिळकांची बाजू. भांडारकरांनी कायद्याच्या बाजूने धर्मशास्त्रातलेच आधार काढून दाखवले. मार्च १८९१ मध्ये कायदा झालाही. एवढ्या रणधुमाळीत जिच्या वयावरून भांडण, तिला विचारलं कुणी? ‘करमणुकी’त मात्र यमू बोलत होती.

आता एकदम सातासमुद्रापार जाऊ. कॅरिबियन लेखिकांनी मुलींच्या मोठं होण्यावर ज्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतही इंग्रज सरकार असंच घरात घुसलेलं दिसतं, पण शाळेच्या वाटेने. त्रिनिदादच्या मर्ल हॉजच्या १९७० च्या कादंबरीत टी नावाची मुलगी मनातल्या मनात एक हेलन तयार करते. इंग्रजी पुस्तकांतली, नीटनेटकी, गोरी. हळूहळू टीला हेलनच खरी वाटू लागते आणि स्वतः तिची फिकट सावली. अँटिग्वाच्या जमेका किंकेडची ॲनी जॉन पुस्तकातल्या कोलंबसाच्या चित्राखाली खोडसाळ ओळ लिहिते आणि शिक्षा म्हणून मिल्टनच्या महाकाव्याचे पहिले दोन सर्ग उतरवून काढते. साम्राज्याची शिक्षासुद्धा साहित्यिक!

पण मला खरं थबकायला लावलं ते बेलीझच्या झी एजेलच्या ‘बेका लॅम्ब’ने (१९८२). बेकाची मैत्रीण टॉइसी. तिला दिवस जातात, कॉन्व्हेंट तिला काढून टाकतं, मन ढासळतं, शेवटी ती मरते. बेका शिकत राहते, निबंधाचं बक्षीस मिळवते. हे वाचताना मला यमूची मैत्रीण दुर्गी आठवली. नवरा वाया गेलेला, नशिबी नुसते हाल. नव्वद वर्षांचं अंतर, मधे अख्खा समुद्र, आणि एजेलबाईंनी हरिभाऊंचं नावही ऐकलं नसणार. तरी दोघांनाही नायिकेशेजारी एक मैत्रीण उभी करावीशी वाटली, जिच्याकडे पाहून वाचणाऱ्या मुलीला कळावं की हिच्या जागी मीही असू शकले असते.

कॅरिबियन कादंबरीत शेवटी बहुधा प्रवास येतो. ॲनी जॉन नर्सिंग शिकायला बोटीने इंग्लंडला निघते. मराठीत ही बोट गोष्टीच्या आधी आयुष्यात आली. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ मध्ये, बावीसही पुरे व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. त्यांचं चरित्र काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलं.

पुढच्याच वर्षी आलेल्या यमूच्या वाट्याला बोट नाही. तिचा समुद्र म्हणजे बोरघाट. तो उतरून ती नवऱ्यासोबत मुंबईला जाते आणि तिथे, सासूसासऱ्यांच्या नजरेआड, पहिल्यांदा मोकळा श्वास घेते. वाचते, बोलते, हसते. मग नवरा जातो. पुण्याच्या घरी सासरचे शंकरमामंजी असतात, आणि तिच्या डोक्यावरचे केस जबरदस्तीने उतरवले जातात.