कामाची आतली ओढ – लेखांक 9 : रात्रपाळीतला पॉट

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसीच्या कोड्यांच्या प्रयोगांकडे आज वळायचे होते, पण ते पुढे ढकलतो. बहारीनहून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते विचारतात, "हर्झबर्गच्या हिशेबात पगाराला दुय्यम जागा. मी तर पगारासाठीच इथे आलो. मग मला कामाची आतली ओढ नाही, असे समजायचे का?"

मुळीच नाही! मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांचे कामाच्या प्रेरणेवरचे पुस्तक 1959 चे. त्यासाठी ते पिट्सबर्ग परिसरातल्या दोनशेच्या वर अभियंत्यांशी आणि हिशेबनिसांशी बोलले. कामात कधी विलक्षण बरे वाटले आणि कधी फार वाईट, तो प्रसंग सांगा, असा त्यांचा प्रश्न होता. घर सोडून परमुलखात का गेलात, हा प्रश्नच तिथे नव्हता. त्याचे उत्तर घराचे हप्ते, मुलांची शिक्षणे असेच येणार, आणि त्यात कमीपणा कसला? शिफ्टवर पोचल्यानंतरचे खाते वेगळे.

ते खाते पत्रातच उघडले आहे. हे गृहस्थ अ‍ॅल्युमिनियमच्या पॉटलाइनवर, म्हणजे विजेने धातू वेगळा करणाऱ्या भट्ट्यांच्या (पॉटच्या) रांगेवर असतात. बहारीनमध्ये हा धातू 1971 पासून निघतो. आज वर्षाला पंधरा लाख टनांहून अधिक. पॉटमध्ये साधारण 960 अंशांवर वितळलेले क्रायोलाइट, त्यात विरघळलेला अ‍ॅल्युमिना. प्रवाह प्रचंड, पण एका पॉटचे व्होल्टेज जेमतेम चारच्या आसपास. अ‍ॅल्युमिना कमी पडला की अ‍ॅनोडखाली वायूचा थर धरतो आणि व्होल्टेज एकदम तीसच्या घरात उसळते. हाच अ‍ॅनोड इफेक्ट. वीज वाया जाते, शिवाय हवामानाला अतिशय घातक असे फ्लोरिनयुक्त वायू सुटतात. एरवी यंत्रणाच ते आवरते. नाही आवरले तर ओल्या लाकडाचा दांडा आत खुपसायची जुनी रीत आहे. लाकडातून वायू उसळतो, द्रव ढवळला जातो, व्होल्टेज उतरते.

यांच्या पाळीत एकच पॉट पुन्हापुन्हा उसळी घेई. नोंदीत अ‍ॅल्युमिनाचे फीड वेळेवर पडत होते. हे सुटीतही त्याचे आलेख घेऊन बसले. शेवटी फीडरच्या नळीत पूड अडकून मात्रा अपुरी पडत असल्याचे सापडले. पगार तेवढाच राहिला. पण पत्राची दोन पाने या नळीवर आहेत आणि पगारावर एक ओळ!

हर्झबर्गच्या प्रसंगांत यश आणि कौतुक सर्वांत जास्त वेळा आले, पण तो आनंद लवकर ओसरे. टिकून राही तो जबाबदारीचा आणि खुद्द कामाचा. असे प्रसंग सांगताना चांगल्याचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि वाईटाचे खापर परिस्थितीवर फोडतो, हा मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूमचा आक्षेप मला वजनदार वाटतो. तरी जबाबदारीबद्दलचे हे निरीक्षण मी सोडणार नाही. परदेशी कंत्राटावरच्या अभियंत्याला पैसे मिळतात. निर्णय मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या सहीने होतात. त्याची ओढ मरते ती तिथे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणूनच एक विचारतो. नळी बदलायचे तुम्ही ठरवलेत, की वरून हुकूम आला? पत्रात ते नाही. कळवा, मग डेसीकडे जाऊ.