हुमणीचे भुंगेरे : उपकुळांची ओळख कशी करावी?

पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडल्या की दिल्ली परिसरातील प्रक्षेत्रांवर लावलेल्या प्रकाश सापळ्यांत तपकिरी भुंगेऱ्यांचा खच पडतो. हे सर्व भुंगेरे ‘हुमणी’ या एकाच नावाखाली नोंदले जाण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात त्यांत स्कॅराबिडी कुळातील अनेक उपकुळांचे कीटक असतात. काहींच्या अळ्या पिकांची मुळे कुरतडतात, तर काही शेण व कुजलेला पाला खाऊन जमिनीचा कस वाढवितात. त्यामुळे उपाय योजण्यापूर्वी ओळख पटविणे अगत्याचे ठरते.

स्पर्शिकांच्या टोकाशी पंख्याप्रमाणे उघडणाऱ्या चपट्या पट्टिका ही या कुळाची समान खूण आहे. त्यापुढील भेद दहापट मोठे दाखविणाऱ्या हातभिंगाने पाहता येतात.

मेलोलोंथिनी : होलोट्रिकिया, ल्युकोफोलिस, मॅलाडेरा इत्यादी. मागील पायाच्या दोन्ही नख्या सहसा समान असून त्यांवर बहुधा दात किंवा खाच असते.

रुटेलिनी : ॲनोमाला, ॲडोरेटस इत्यादी. मागील पायाच्या नख्या असमान असून त्या स्वतंत्रपणे हलतात. मेलोलोंथिनीपासून वेगळेपण दाखविणारी ही सर्वांत खात्रीची खूण होय.

डायनॅस्टिनी : गेंड्या भुंगा हे परिचित उदाहरण. जबडे वरून दिसतात. अनेक जातींत नराच्या डोक्यावर शिंग असते. नख्या साध्या व बहुधा समान असतात.

सिटोनिनी : दिवसा फुलांवर आढळणारे, बहुधा चकचकीत भुंगेरे. पंखकवचांच्या बाजूस खांद्यामागे खाच असते, त्यामुळे बहुतेक जाती कवचे न उघडताच उडतात.

स्कॅराबिनी : शेणकिडे. मागील जंघेच्या टोकाशी एकच काटा असतो. वरील गटांत सामान्यतः दोन असतात.

अळ्यांतही असेच भेद आहेत. शेणखताच्या ढिगात सापडलेली पांढरी अळी सपाट पृष्ठभागावर ठेवावी. ती पाठीवर पडून सरकू लागली, तर ती सिटोनिनी गटातील असून प्रामुख्याने कुजलेल्या पदार्थांवर जगणारी असते. तिच्यासाठी कीटकनाशक वापरणे व्यर्थ होय. मात्र ढिगातील प्रत्येक अळी निरुपद्रवी नसते. कोकणात नारळाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा अशाच उकिरड्यात वाढतो.

उपकूळ ओळखले म्हणजे काम संपले, असे नाही. होलोट्रिकिया सेराटाचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुनिंब व बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करता येतात व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करता येतात. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी उसाचे नुकसान करणारी ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही त्याच उपकुळातील आहे. परंतु तिचे प्रौढ झाडांवर जमून पाने खात नाहीत. तेथे हा उपाय तोकडा पडतो व जमिनीतील अळीवरच लक्ष केंद्रित करावे लागते.

‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत गिल्बर्ट ॲरो यांनी १९१०, १९१७ व १९३१ साली या कुळातील गटांवर तीन खंड लिहिले; शेतीला सर्वाधिक उपद्रवी असलेले मेलोलोंथिनी मात्र त्यांत समाविष्ट झाले नाहीत. त्यामुळे या गटात जातीची निश्चिती करताना जतन केलेल्या नमुन्यांशी तुलना करण्याचे महत्त्व अधिक आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील राष्ट्रीय पुसा कीटक संग्रहाचे मोल याच कारणाने मोठे आहे.

नमुना पाठविताना भुंगेरे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. अळ्या आधी गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मग अल्कोहोलमध्ये घालाव्यात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. सोबत गाव, दिनांक, पीक आणि भुंगेरा कोठे सापडला याची नोंद असावी. नोंदीविना आलेल्या नमुन्याचे नाव सांगता येईलही. तो कोणत्या शेतासाठी इशारा आहे, हे मात्र सांगता येत नाही.