गादीखालचा काथ्या

पुण्याहून निघालेला महामार्ग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर मागं टाकत बंगळूरुच्या वेशीवर येतो, तेव्हा पीण्या औद्योगिक क्षेत्र सुरू होतं. एचएमटी, बीईएल, एचएएल अशा मोठ्या सरकारी कारखान्यांना सुटे भाग पुरवत या शहरातलं लघुउद्योगांचं जग वाढलं. पीण्यातल्या उद्योजकांची संघटना १९७८ सालची. लेथ, मिलिंग, डाय, प्लेटिंग, पावडर कोटिंग, रबर मोल्डिंग अशी सगळी कामं इथं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर चालतात. जुन्या गाडीच्या मालकाला याहून सोयीची जागा मिळणं अवघड. बाजारात न मिळणारं बुश असो, झिजलेला गिअर असो की कळकट झालेला बंपर, नमुना हातात द्यावा आणि तसाच दुसरा करून घ्यावा.

प्रश्न उभा राहतो तो गाडीचं दार उघडल्यावर. इंजिन बांधून झालं, ब्रेक झाले, क्रोम झालं. गाडी विकायला काढायची आहे. आत पाहावं तर ड्रायव्हरच्या बाजूला सीट उसवलेलं, डोअर पॅडच्या कडा फुगलेल्या, टपाचं कापड मध्यभागी लोंबलेलं. जे. सी. रोडवरच्या बाजारात गाडी नेली तर सगळं आतलं काम नवंकोरं होऊन मिळेल आणि फोटो देखणे येतील. मग करावं की राहू द्यावं?

या प्रश्नाला मालक सहसा खर्चाच्या बाजूनं भिडतो: घातलेले पैसे वसूल होतील का? हा हिशेब गैर नाही, पण तो फार लवकर मांडला जातो. त्याआधी सीट एकदा नीट पाहायला हवं, शक्य तर आतून.

फियाट ११०० च्या पिढीतल्या गाडीचं सीट उलगडलं की थरांमागून थर निघतात. वर रेक्झिन. त्याखाली दाबून दाबून चपाती झालेला कापूस. मग काथ्या, मग गोणपाट आणि तळाशी स्प्रिंगांची जाळी. शिवणीच्या कडेनं गेलेली पायपिंग आणि चौकटीत ठोकलेल्या बारीक चुका पाहिल्या की कारागिराचा हात ओळखू येतो. या गाडीत पुढचं सीट अखंड बाकासारखं, कारण गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. म्हणून पुढं तिघं बसत. त्या बाकाचा खड्डा नेहमी उजवीकडं असतो, जिथं रोजचा चालवणारा बसला तिथं. सीट आणि पाठ यांच्या फटीत काय काय सापडतं, हे कुठल्याही जुन्या कुशनवाल्याला विचारावं: नाणी, केसांच्या पिना, बसची तिकिटं, पेट्रोलच्या पावत्या.

‘रेक्झिन’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की ते एका कंपनीच्या मालाचं नाव होतं, याची आठवणही उरलेली नाही. इंग्लंडात मँचेस्टरजवळ सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, त्यावर कातड्यासारखी नक्षी दाबून हा माल तयार होई. पुढं लेप पीव्हीसीचा झाला, नाव तेच राहिलं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडत जातं. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग कडक, आणि शेवटी तडकतो. ऊन ही क्रिया वेगानं करवतं. मुंबईची दमट हवा वेगळं नुकसान करते, तिथं कापसात बुरशी धरते. बंगळूरुची हवा त्या मानानं दयाळू आहे, म्हणून इथल्या झाकून ठेवलेल्या गाडीचं मूळ अंतरंग टिकलेलं असण्याची शक्यता बरी असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या विषयातला सगळ्यात बोलका कागद तिथं आहे. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि व्हिंटेज वाहनांसाठी देशभर एकच पद्धत आणली. नितीन गडकरी तेव्हा या खात्याचे मंत्री होते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपयांत. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. गाडी विकली तर विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं ९० दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं.

अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेलं असावं आणि त्यात मोठा फेरफार झालेला नसावा. मोठा फेरफार म्हणजे काय, हेही नियमानं सांगितलं आहे: चासी, बॉडी शेल, इंजिन. यादी तिथं संपते. सीट, डॅशबोर्ड, डोअर पॅड, टपाचं कापड यांचं नाव त्यात नाही. आरसी बुकातही गाडीला सीटं किती एवढाच आकडा असतो. ती कशाची, कुणी शिवलेली, कुठल्या रंगाची, हे विचारणारा रकाना नाही. म्हणजे गाडीचं इंजिन बदलताना मालकाला कायद्याची आठवण ठेवावी लागते, पण फॅक्टरीतून आलेलं अख्खं अंतरंग कचऱ्यात टाकायला त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही. जिथं माणसं प्रत्यक्ष बसली, तो गाडीचा सगळ्यात मानवी भाग मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे.

ऐतिहासिक वाहनांची ‘फिवा’ ही जागतिक संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली. ती ३० वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक मानते. तिच्या ओळखपत्रात गाड्यांचे चार गट आहेत: मूळ, अस्सल, पुनरुज्जीवित आणि पुनर्बांधित. संघटनेची ‘ट्यूरिन सनद’ जुन्या इमारतींच्या जतनाचीच भाषा गाड्यांसाठी वापरते: आधी जपावं, मग डागडुजी करावी आणि पुनरुज्जीवनाकडं सगळ्यात शेवटी वळावं. पीण्यातल्या सवयीच्या हे नेमकं उलट आहे. तिथं नवा भाग करणं हा सगळ्यात सोपा मार्ग, म्हणून तोच पहिला.

गंमत अशी की हाच वाद पीण्याच्या शेजारी, जालहळ्ळीच्या एचएमटीच्या घड्याळांवर कधीच लढला गेला आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं मनगटी घड्याळं बनू लागली. ‘जनता’ हे चावीचं घड्याळ तर देशभर घराघरांत पोहोचलं. २०१६ मध्ये घड्याळांचा कारभार बंद झाला आणि जुन्या एचएमटीला शौकीन ग्राहक मिळू लागले. लगेच जुन्या तबकड्या खरवडून त्यांवर नवा, भडक, कधी मूळ कारखान्यानं न काढलेला रंग चढवण्याचा धंदा जोरात आला. अशा घड्याळाला संग्राहक ‘रीडायल’ म्हणतात. ‘मुंबई स्पेशल’ हे त्याचं दुसरं नाव, आणि ते कौतुकानं घेतलं जात नाही. जाणता ग्राहक पिवळी पडलेली, कडेला डागाळलेली मूळ तबकडी पसंत करतो. मशीन उघडून साफ केलेलं त्याला चालतं, तेल घातलेलं चालतं, काचही नवी चालते. तबकडीला हात लावलेला चालत नाही, कारण वेळ तिथं वाचली जाते आणि घड्याळाची ओळखही तिथंच. गाडीची तबकडी म्हणजे तिचं अंतरंग. इंजिनातले रिंग-पिस्टन झिजण्यासाठीच असतात. ते बदलले तरी गाडी तीच राहते.

ही गोष्ट कुठल्याही गाडीपेक्षा बंगळूरुच्याच एका गाडीबाबत जास्त खरी आहे. मारुतीच्या आधीच्या वर्षांत या शहरानं स्वतःच्या छोट्या गाड्या बनवल्या होत्या. १९७० च्या दशकात सनराइज कंपनीची तीनचाकी ‘बादल’ आली. पुढं सिपानी ऑटोमोबाइल्स या नावानं त्याच कारखानदारीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘डॉल्फिन’ काढली. डॉल्फिन म्हणजे इंग्लंडातल्या टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीची ‘किटन’: दोन दारं, ८४८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी. हलकी असल्यानं मोटरस्पोर्टवाल्यांनी तिला उचलून धरलं. घरगुती गिऱ्हाइकाला मात्र मागं आईवडिलांना बसवायला चार दारं हवी होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि सगळा बाजारच पालटला. सिपानीनं मागच्या दारांची ‘मॉन्टाना’ आणली, १९९० च्या दशकात रोव्हरची मोठी ‘माँटेगो’ही जुळवून पाहिली, पण कारखाना त्यातून सावरला नाही.

फायबरच्या बॉडीला गंज लागत नाही. त्यामुळं डॉल्फिन बघायला आलेल्या ग्राहकाची नेहमीची तपासणी, म्हणजे दाराची खालची कड, चाकावरची कमान, डिकीचा तळ, इथं फारशी उपयोगी पडत नाही. बॉडी पॉलिश केली की वयाचा थांगपत्ता उरत नाही. इंजिनाचं काम पीण्यात होऊन जाईल. वय उरतं ते आत: स्विचांवर, दारांच्या आतल्या बाजूवर, सीटच्या शिवणीवर. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसिडरचं अंतरंग गेलं तर दुसऱ्या गाडीवरून नमुना घेता येतो. डॉल्फिन मुळातच थोड्या बनल्या. एकीचं मूळ अंतरंग फाडून फेकलं तर पुढच्या जीर्णोद्धारासाठीचा नमुना कमी होतो. अशा गाडीचा मालक विकण्यापूर्वी सीट नवं करतो तेव्हा बाकीच्या सगळ्या डॉल्फिनवाल्यांचंही नुकसान करतो.

मग आतलं काही बदलूच नये? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं या मताची चांगली परीक्षा घेतली आहे. संकेत अवलानी यांनी २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ हा उपक्रम सुरू केला. तरुण डिझाइनरांनी प्रीमियर पद्मिनी टॅक्सींची सीटं, दारं, थेट छपरापर्यंतचं कापड नव्यानं रेखाटलं. पुढच्याच वर्षी ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या एका व्हिडिओत अशी टॅक्सी जगानं पाहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. उद्या त्यातली एखादी चित्रांची टॅक्सी शौकिनाच्या हाती आली, तर त्यानं ते कापड काढून प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्यासारखं साधं रेक्झिन लावावं का? अजिबात लावू नये. त्या गाडीच्या आयुष्यात ते कापड खऱ्या वापरातून आलं आहे आणि तिच्या शहराची एक गोष्ट सांगतं आहे. विकण्याच्या आदल्या महिन्यात, फोटोसाठी चढवलेल्या रेक्झिनला सांगण्यासारखं काही नसतं. फॅक्टरीचं ते राखावं आणि नंतरचं ते काढावं, हा नियम म्हणूनच अपुरा पडतो. गाडी जगत असताना तिच्यात काय आलं, हे विचारावं लागतं.

बाहेरच्या जगात बाजारही याच दिशेनं सरकला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायों कुटुंबाच्या शेडमधून निघालेल्या गाड्यांचा लिलाव झाला. मासिकांच्या ढिगाखाली वर्षानुवर्षं पडून असलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, एके काळी अभिनेता अलाँ देलाँच्या वापरातली, धुळीसकट दीड कोटी युरोंच्या वर गेली. अमेरिकेतल्या पेबल बीचच्या स्पर्धेत चकाकत्या, नव्याहून नव्या दिसणाऱ्या गाड्यांनीच जिंकायचं असा शिरस्ता. जपलेल्या गाड्यांसाठी तिथं २००१ मध्ये वेगळा वर्ग निघाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वर्गातून आलेल्या गाडीनं प्रथमच सर्वोच्च मान मिळवला. ती १९३४ ची बुगाटी टाइप ५९, बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडं राहिलेली, त्याच्याच काळातला काळा रंग अंगावर वागवणारी. तेही पहिल्या दिवसाचं रूप नव्हे. मालकाच्या हाताखाली आलेलं रूप.

पीण्यातल्या मालकाला फेरारीचा भाव मिळणार नाही, हे उघड आहे. साध्या फियाटचं सीट आधीच दोनदा बदललं गेलं असेल, तेही स्वस्तातल्या कापडानं, तर मूळ नमुन्याबरहुकूम नवं शिवून घ्यायला हरकत नाही. बुरशी धरलेला कापूस आणि कुजलेलं गोणपाट काढायलाच हवं, त्यात जपण्यासारखं काही नसतं. पण मूळ अंतरंग अजून आत असेल, तर विकणाऱ्याचं काम तेवढं सोपं आहे. धूळ काढावी. कातडं असेल तर त्याला तेल-मेण द्यावं. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून पुन्हा घालावी. तुटलेली स्प्रिंग खालून बांधून घ्यावी. लोंबतं कापड ओढून फाडण्याऐवजी कडेनं टाचावं. फाटलेल्या जागेचा जवळून फोटो काढून तो जाहिरातीत पहिल्यांदा द्यावा. नव्या कामाचा खर्च किती, याचं कुशनवाल्याचं अंदाजपत्रक ग्राहकाच्या हाती ठेवावं आणि तेवढ्यापुरती घासाघीस मान्य करावी. नवं सीट शिवायचं की नाही, हे ज्यानं पुढं गाडी सांभाळायची त्याला ठरवू द्यावं. आणि शिवलंच, तर उतरवलेलं जुनं रेक्झिन, त्याच्या पायपिंगसह, घडी करून डिकीत ठेवावं. पुढच्या कारागिराला रंग, पोत आणि टाक्यांमधलं अंतर त्याच्यावरूनच कळणार आहे.

बादलच्या पहिल्या गाड्या वयानं ५० वर्षांच्या रेषेपाशी आता पोहोचत आहेत, नियमात तीनचाकीचं नाव नसलं तरी. डॉल्फिनना अजून वेळ आहे. फिवाच्या मोजमापानं त्या ऐतिहासिक झाल्या, सरकारच्या मोजमापानं अजून नाहीत. ८० च्या दशकात नोंदलेली डॉल्फिन व्हिंटेज नोंदणीसाठी २०३० नंतर आरटीओत उभी राहील, तेव्हा चासी आणि इंजिनाचे नंबर पडताळले जातील आणि रकान्यात सीटांची संख्या लिहिली जाईल. तोवर दोन-तीन मालक बदललेले असतील आणि त्यातल्या प्रत्येकानं विकण्यापूर्वी एकदा तरी जे. सी. रोडच्या बाजूला गाडी वळवण्याचा विचार केलेला असेल.