नोकरी सुटली तरी हात रिकामे नकोत

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत कोल्हापूर, सातारा आणि कोकणातली माणसे पुष्कळ होती. अनेकांसाठी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. ट्रंक उचलून ती गावी परतली. २०२० च्या टाळेबंदीतही अशीच माणसे परत आली.

शेतकरी बंधूंनो, नोकरी गेलेल्या माणसाला पैशाच्या चणचणीआधी रिकामा दिवस खातो. पारावर बसला की जो तो विचारतो, "परत कधी जाणार?" मग तो घराबाहेर पडेनासा होतो. अशा वेळी घरच्यांनी टोचून बोलू नये, काम सोपवावे.

आपल्या बिद्री भागात ऊस आणि म्हैस आहेच. पहाटेची धार आणि दूध संस्थेचा हिशेब त्याच्याकडे द्यावा. पाळीची शिस्त त्याच्या अंगात असतेच. ऊस तुटला की पाचट पेटवू नये. ते सरीत दाबून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत आणि पाणी द्यावे. रानाचा कस वाढतो.

मात्र हाती आलेल्या रकमेतून घाईने म्हैस घेऊ नये. आधी वैरणीची सोय करावी, मग दावणीला जनावर बांधावे. नव्या नोकरीचा शोधही चालू ठेवावा. ती मिळाली तर आनंदच आहे. न मिळाली तरी रान त्याची वाट पाहत आहे.