यूपीएसच्या खोलीतलं 'पाणी'

आज कोड बाजूला ठेवू आणि यूपीएसच्या खोलीत जाऊ.

माझ्या आधीच्या ऑफिसात तिथे ट्यूब्युलर बॅटऱ्यांची रांग होती. एकदा एकीचा डबा तडकला, फरशीवर ओल दिसली. मी, चांगला बीटेक झालेला, हाऊसकीपिंगच्या मावशींना म्हणालो, "मावशी, जरा पुसून घ्या ना." त्या फडकं घेऊन वाकल्या आणि ओरडल्याच, "सर, हाताची आग होतेय हो!" वीस मिनिटं हात नळाखाली धरला, म्हणून निभावलं.

ते सल्फ्युरिक ॲसिड होतं. त्यातलं पाणी उडून जातं, ॲसिड मागे राहतं. त्यामुळे वाळत आलेला डाग जास्तच घातक, बरं का.

खरं तर आधी सगळ्यांना बाहेर काढायचं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून हवा खेळती हवी आणि ठिणगी नको. बॅटरी वेगळी करायला इलेक्ट्रिशियनच बोलवा. मग रबरी हातमोजे, गॉगल घालून कडेकडून आत खाण्याचा सोडा टाकत जायचं, फसफस थांबेपर्यंत. तो लगदा नेहमीच्या कचऱ्यात नाही, वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात. त्यात शिसं असू शकतं. आणि फुटकी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे.

धोक्याची पाटी दारावर होती हो. इंग्रजीत! नंतर सोड्याचा डबा दाराशी आला, त्यावरची मराठी चिठ्ठी मावशींनी स्वतः लिहिली.