राजद्रोहाची शिक्षा : एका मुलीच्या प्रश्नावरून



१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीची भाषणे झाली. कार्यक्रम आटोपल्यावर सातवीतील एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, कोर्टाने शिक्षा केलेल्या माणसाचा फोटो आपण शाळेत का लावतो?" प्रश्न बरोबर होता. दोन वाक्यांत उत्तर देणे आम्हाला जमले नाही, म्हणून हा लेख.

टिळकांना शिक्षा झाली ती राजद्रोहाबद्दल. इंग्रजांनी १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत कलम १२४-अ घातले. सरकारविषयी 'अप्रीती' पसरविणे हा त्यात गुन्हा होता. अप्रीती म्हणजे नेमके काय, हे ठरविणार सरकारचेच न्यायाधीश. १८९७ मध्ये 'केसरी'तील मजकुरावरून टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर लिहिलेल्या अग्रलेखांवरून १९०८ मध्ये पुन्हा खटला झाला. ज्यूरीत नऊ जण होते. सात युरोपियनांनी दोषी म्हटले, दोन भारतीयांनी निर्दोष म्हटले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड सुनावला. याच दावरांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता! मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक असा सहा दिवस संप केला. (भाषणात एका मुलाने टिळकांना अंदमानात पाठविले, ते मंडालेला, म्हणजे ब्रह्मदेशात होते.)

आपल्या ठाणाकुशनूरला तेव्हा इंग्रजांचा नव्हे, निजामाचा अंमल होता. सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले असेल.

स्वातंत्र्यानंतरही १२४-अ राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली. हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडविण्याची प्रवृत्ती असेल तरच राजद्रोह. सरकारवरील टीका, ती कडक असली तरी, राजद्रोह नव्हे. मे २०२२ मध्ये न्यायालयाने हे कलम स्थगित ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली.

नव्या संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. पण कलम १५२ आहे. जाणूनबुजून फुटीरतेला, सशस्त्र बंडाला किंवा विध्वंसक कारवायांना चिथावणी देऊन देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणल्यास जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. बोललेले, लिहिलेले आणि मोबाईलवरून पाठविलेलेही यात येते, हे मोठ्या मुलांनी ध्यानात घ्यावे. सर्वांत कडक कलम १४७, सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे. त्याला फाशी किंवा जन्मठेप. मुंबईवर २००८ मध्ये झालेल्या हल्ल्यातील कसाबला ज्या गुन्ह्यांसाठी फाशी झाली त्यांत हा गुन्हाही होता. तेव्हा त्याचे कलम १२१ होते. बंदूक घेऊन येणारा आणि अग्रलेख लिहिणारा कायद्यात जवळजवळच्या कलमांत बसतात, हे आम्हाला नेहमी विचित्र वाटते.

निकालाच्या आधीही बरेच भोगावे लागते. हे गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे, पण तो ठाण्यात हक्काने मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो. तोवर कोठडी. आपल्या बीदर शहरातच हे घडले. जानेवारी २०२० मध्ये एका शाळेत नागरिकत्व कायद्यावर मुलांचे नाटक झाले. त्यातील एका वाक्याने पंतप्रधानांचा अपमान झाला, अशी तक्रार होऊन राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला. मुख्याध्यापिका व एका विद्यार्थिनीची आई सुमारे दोन आठवडे तुरुंगात राहिल्या. पोलिसांनी गणवेशात मुलांची चौकशी केली, त्यावर उच्च न्यायालयाने पुढे नाराजी दाखविली. जून २०२३ मध्ये कलबुर्गी खंडपीठाने शाळेच्या व्यवस्थापनावरील गुन्हा रद्द केला: शब्द अपमानकारक असतील, पण राजद्रोह नाही. मात्र मुलांना चालू राजकारणावरील नाटकांपासून दूर ठेवावे, असेही न्यायालयाने सुचविले.

ही बातमी आली तेव्हा आमच्या शिक्षकांनी स्नेहसंमेलनाच्या संहिता कपाटातून काढून पुन्हा वाचल्या होत्या. आम्हीही वाचल्या. एका वाक्यावर पेन्सिलीने रेघ मारली. आज वाटते, त्याची गरज नव्हती.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, की १९०८ चा कायदा लोकांना विचारून केलेला नव्हता, म्हणून ज्याला कोर्टाने गुन्हेगार म्हटले त्याला लोकांनी लोकमान्य म्हटले. डिसेंबरच्या संमेलनात सातवीचा वर्ग हाच खटला नाटिकेत दाखविणार आहे. टिळकांच्या भूमिकेसाठी चौघे भांडत आहेत. या मुलीने मात्र 'निर्दोष' म्हणणाऱ्या ज्यूरीची भूमिका मागून घेतली आहे.