कूस बदलायची कुणी?

झाडावरून, छपरावरून पडून पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं, की घरात एकच प्रश्न असतो: पाय कधी चालणार? आम्हीही तोच विचारायचो. पण दवाखान्यातून घरी आणल्यावर जिवावर बेतू शकते ती दुसरीच गोष्ट, पडून पडून होणारी जखम.

आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो. एका अंगावर फार वेळ राहिलं की तिथलं रक्त दबतं, अंग अवघडतं आणि आपण वळतो. कण्यातला मज्जारज्जू दुखावला की हा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. कातडी आतून मरत असते आणि माणसाला पत्ता नसतो.

म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा, आणि हवेची गादी असली तरी. ओढत नाही, ओढलं की कातडी सोलते. दोघींनी खालची चादर धरून उचलायचं. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलायचं. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबे, घोटे, टाचा बघायच्या. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हातही लावून बघा. काळपट डाग, गरम किंवा घट्ट लागणारी जागा सापडली, तर ती पूर्ववत होईपर्यंत त्या अंगावर भार नको, आणि चोळायचं तर मुळीच नाही. आपल्याकडे खाली टायरची ट्यूब देतात. आमच्या गटातल्या एका घरीही दिली होती. तिच्या कडेनं रक्त उलट जास्त दबतं. कातडी फुटली तर हळद-राख न भरता दवाखाना गाठायचा.

आता हिशेब करा. दोन तासांनी म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. हे बारा वेळा कोण करतं? बायको, आई, नाहीतर सून. तिची कंबर जाते, रोजगार बुडतो. आणि मार लागलेली स्वतः बाईच असेल तर? तिला सांगायलाही संकोच वाटतो. लघवीसाठी कुणाला उठवायला नको म्हणून कितीजणी पाणीच कमी पितात! त्यातून लघवीला जंतू होतात, ताप येतो. ही लाज आपणच तिला शिकवली आहे, असं आम्हाला वाटतं.

हातात ताकद असेल तर खाटेला वरून दोर बांधून द्या, ती स्वतः वळेल. हातात आरसा द्या, पाठ स्वतः बघेल. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय सोळाव्या वर्षी गेले. पुढे त्यांनी अपंगांसाठी संस्था उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' मिळालं तर गटात मोठ्यानं वाचा.

येत्या मंगळवारी बैठकीत आम्ही खाटेवर चादरीनं कूस बदलून दाखवणार आहोत. येताना घरातला एक तरी पुरुष सोबत आणा. रात्री दोनची पाळी त्यालाही शिकू दे.